ग्रीव्हन्सबाई कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक समाजमंदिरात चालू होती. बचत मोजून झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले, बाया पदर झटकून उठल्या. एक काकू मात्र बसून राहिल्या. त्यांनी कॅरीबॅगमधून फायनान्सच्या कर्जाचं कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूला बोट ठेवून मला विचारलं, "मॅडम, ही बाई कोन हाय वं? हिचा नंबर लिव्हलाय हितं. हप्तेवाला लई तरास द्यायलाय. हिच्या कानावर घालून बघावं म्हन्ते."

कार्डावर इंग्रजीत एक शब्द ठळक छापलेला होता आणि त्याच्याखाली एक नाव आणि फोन नंबर. काकूंच्या नातीनं अक्षराला अक्षर लावून तो वाचून दाखवला होता : ग्री-व्हन्स. खाली नंबर आहे म्हणजे वर नावच असणार, असा काकूंचा हिशेब. कंपनीत कोणी ग्रीव्हन्सबाई आहे, ती बायांचं ऐकून घेत असेल.

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनात म्हटलं, मला तरी कुठं नीट माहीत आहे? मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. इंग्रजीचा पेपर कसा सुटला ते माझं मला माहीत. "तक्रारीचं काहीतरी आहे काकू, बघून सांगते," म्हणून वेळ मारून नेली. रात्री लेकीची डिक्शनरी काढली. ग्रीव्हन्सपुढे लिहिलं होतं, गाऱ्हाणे.

हा शब्द तर माझ्या आजीच्या तोंडचा! आजी देवाला गाऱ्हाणं घालायची, मुलीच्या सासरी गेली की विहिणीपुढे गाऱ्हाणं मांडायची. मग इतका घरचा शब्द असताना काकूंच्या कार्डावर ही परकी बाई का आणून बसवली असेल? तिथून मला या शब्दांचा नादच लागला. सेलूला आमच्या ओळखीचे इंग्रजीचे एक निवृत्त सर आहेत, त्यांना जाऊन विचारलं. सर खूश झाले. निवृत्त मास्तराला कोणी शब्दाचा अर्थ विचारायला आलं की चहा दोनदा होतो.

सरांनी सांगितलं की ग्रीव्हन्सचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्या मुळाचा अर्थ आहे जड, भारी. म्हणजे ग्रीव्हन्स हे ओझं. आपल्याकडचा 'गुरु' शब्दही त्याच कुळातला. संस्कृतात गुरु म्हणजे मोठा, जड. आपण म्हणतोच की, मन जड झालं, जरा बोलून हलकं केलं. दुसरा शब्द कंप्लेंट. तो तर आपल्या सगळ्यांच्या रोजच्या बोलण्यातला. त्याच्या मुळाशी जी लॅटिन क्रिया आहे तिचा अर्थ ऐकून मी कप खाली ठेवला. छाती पिटणं! दुःखानं छाती पिटून आकांत करणं. आपण ज्याला ऊर बडवणं म्हणतो, ते. कुठलं रोम आणि कुठलं गंगाखेड, पण दुःख झालं की हात छातीवर जायचा तो जातोच.

आता या कंप्लेंटची आपण काय गत केलीय बघा. शाळेतलं पोरगं म्हणतं, "बाई, ह्यानं माझी कंप्लेंट केली." म्हणजे चहाडी. पोलिस ठाण्यात कंप्लेंट दिली, म्हणजे फिर्याद. मिक्सरमध्ये कंप्लेंट आहे, म्हणजे बिघाड. आणि दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय कंप्लेंट आहे?" एका शिबिरात मी गटातल्या बायांना तपासणीला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारल्याबरोबर आमच्या एक ताई घाईघाईनं म्हणाल्या, "नाही नाही साहेब, माझी कोणाबद्दलबी कंप्लेंट नाही. समदे चांगले हायत." घरच्यांची चुगली होते की काय, अशी त्यांना भीती. डॉक्टर बिचारे पोटाचं विचारत होते. ताईंना चार महिने अंगावरून जात होतं, ते त्या दिवशी सांगायचं राहिलंच असतं. मी हात धरून परत आत नेलं म्हणून सांगितलं गेलं.

केसपेपरवर डॉक्टर वरच्या बाजूला इंग्रजीत सी, मध्ये तिरकी रेघ आणि ओ असं लिहितात. पत्रावर तसंच लिहिलेलं असतं ते केअर ऑफ, म्हणजे अमक्याच्या घरी, अमक्याच्या मार्फत. पण केसपेपरवर त्याचा अर्थ असतो 'हिची तक्रार अशी आहे'. तिथं कोणी तुम्हाला कुरकुरी ठरवत नाही. इंग्रजीत दुखतंय म्हणून सांगणं आणि कोणाविरुद्ध तक्रार करणं, दोन्हींना क्रियापद एकच, पण त्याच्यापुढचा छोटा शब्द बदलतो. आपल्याकडे हे काम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात. पोटाची तक्रार. शेजाऱ्याबद्दल तक्रार. ठेकेदाराविरुद्ध तक्रार. आणि शेवटी, तहसीलदाराकडे तक्रार.

हा 'कडे' नीट लक्षात ठेवा. मी पंधरा गावांत फिरते. हातपंपावर, दळणाच्या गिरणीत, कापूस वेचायला जाणाऱ्या टेम्पोत काय चालतं? ची, बद्दल आणि विरुद्ध भरपूर असतं. रेशनवाल्याची, सासूबद्दल, सरपंचाविरुद्ध. कडे मात्र नसतो. आपण एकमेकींना सांगतो. ऐकणारीच्या हातातही काही नसतं, ती आपलं तिचं सांगते. मन हलकं होतं, हे खरं आहे, आणि त्याची गरजही असते. मी ते बंद करा म्हणत नाही. जात्यावरच्या ओव्या म्हणजे दुसरं काय होतं? पहाटे जात्यापुढे बसून बाया माहेर-सासरचं सगळं सांगायच्या आणि जातं ऐकायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! पण जातं कोणाला नोटीस काढू शकत नाही.

आपल्याच गंगाखेडची जनाबाई घ्या. नामदेवाच्या घरची दासी, दळण-कांडण तिच्या वाट्याला. तिचं दुःख तिनं विठ्ठलाकडे थेट मांडलं. त्याला एकेरी हाक मारून, प्रसंगी शिव्या घालून. लोक म्हणतात, केवढी भक्ती. भक्ती आहेच. पण मला त्यात हेही दिसतं की आपलं गाऱ्हाणं कोणाच्या दारात न्यायचं, हे या बाईचं पक्कं होतं.

कुरकुर हा शब्द मुळात आवाजाचा आहे. खाट कुरकुरते, वहाण कुरकुरते. तशीच बाई कुरकुरते! कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण हे सगळे आवाज बाया आणि लेकरांच्याच नावावर. इंग्रजीतही कुरकुरीचा शब्द असाच आवाजावरून आलाय, सर म्हणाले. आणि हेच गाऱ्हाणं चार बाप्ये पांढरे कपडे घालून कलेक्टर ऑफिसला घेऊन गेले की पेपरात येतं, निवेदन दिलं. आपली पिरपिर आणि त्यांचं निवेदन. असो.

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातली एक ताई माझ्याकडे आली होती. तिलाही हप्तेवाला घाण बोलला होता, दारात, लेकरांसमोर. मी तिला काय म्हणाले माहीत आहे? "ताई, कशाला कंप्लेंट करता? पुढचं कर्ज अडंल, गटाचं नाव खराब होईल." समन्वयक म्हणून माझं काम किती चांगलं, हे कोणीही एकाच गोष्टीवरून बघतं : परतफेड किती टक्के. शंभर टक्के असली की टाळ्या. त्या शंभर टक्क्यांत कोणाचं काय झालं, ते मोजायला कागदावर रकाना नसतो. ती ताई काही बोलली नाही. पुढं तिनं गट सोडला, पुण्याकडे कामाला गेली. तिनं योग्य जागी सांगितलं होतं. तिचा 'कडे' मीच होते, आणि मीच दार लावून घेतलं.

म्हणून काकूंचं कार्ड मी या खेपेला नीट वाचलं, आणि त्यामागचे नियमही. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये छोट्या कर्जांसाठी, ज्यांना मायक्रोफायनान्स म्हणतात, नियम काढले. ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यांना काहीही गहाण न ठेवता दिलेलं कर्ज यात येतं. कर्जाचं कार्ड मिळालंच पाहिजे, आणि आता ऐका, ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत पाहिजे. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच त्यावर पाहिजे. तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर पाहिजे. हप्ता दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी घ्यायचा. त्या जागी तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच वसुलीचा माणूस घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन किंवा बोलावणं नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही.

काकूंचा एकच हप्ता चुकला होता. सोयाबीन काढायच्या दिवसांत पाऊस लागून राहिला, शेंगांना कोंब फुटले, मजुरी बुडाली. आणि हप्तेवाला रात्री साडेआठला येऊन ओसरीवर बसायचा. पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणायचा. काका ऊसतोडीला गेलेले, घरात काकू आणि नात. नात त्या दिवसांत रात्री जेवायची नाही, तो माणूस बसलेला असायचा म्हणून.

आम्ही त्या नंबरवर फोन लावला. पहिल्या फोनला काकूंनी पोराच्या लग्नापासून सुरुवात केली. मग म्हैस कशी दगावली ते सांगितलं, मग सोयाबीन. पलीकडचा मुलगा दोनदा म्हणाला, "मॅडम, तुमची कंप्लेंट काय आहे ते सांगा." काकू म्हणाल्या, "त्येच तं सांगायलेय की!" अकराव्या मिनिटाला फोन कटला. मला त्या मुलाचा फार राग आला नाही. त्याच्यापुढे एक खिडकी असते, तिच्यात दोन ओळी बसतात.

मग ओसरीवर बसून आम्ही काकूंचं गाऱ्हाणं दोन ओळींत बसवायला लागलो. कोण येतो, कोणत्या तारखांना, किती वाजता, काय बोलला. तारखा नातीला पाठ होत्या. ती कॅलेंडरवर दूध लिहायची, त्यातच तिनं हे लिहून ठेवलं होतं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेवटच्या ओळीला : आपल्याला पाहिजे काय? एक बाई म्हणाली, लिहा, त्याला कामावरून काढा. दुसरी म्हणाली, कर्ज माफ करा लिहा. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याला बी घरदार आसंल. काढू नका म्हनावं. फकस्त सांजंनंतर आमच्या दारात येऊ नको म्हनावं. हप्ता मी गुरवारी पारावर देईन, जिथं ठरलंय तिथं." तेवढंच लिहिलं. आणखी एक ओळ मी घातली, कार्ड मराठीत द्या.

दुसऱ्या फोनला नीट सांगितलं, पण त्यांनी तक्रार क्रमांक दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही. आठ दिवसांनी विचारलं तर तशी काही नोंदच नव्हती. काकू खचल्या. म्हणाल्या, "तेच ते किती बारी सांगावं?"

आमच्या गटात एक आपा आहेत, त्यांचा मुलगा मदरशात शिकतो. आपा म्हणाल्या, मदरशात धडा पुन्हा पुन्हा म्हणण्याला तकरार म्हणतात. पोरं घोळक्यात बसतात आणि एकच सबक परत परत म्हणतात. मी नंतर सरांना विचारलं. खरंच, तक्रार हा शब्द मूळ अरबी आणि त्याचा अर्थच आहे पुन्हा पुन्हा करणं. उर्दूत त्याचं भांडण झालं आणि आपल्या मराठीत गाऱ्हाणं. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूतून. त्यामुळे अर्ज, फिर्याद, दरखास्त हे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. फिर्याद फारसी आहे, तिचा अर्थ मदतीसाठी मारलेली आरोळी. म्हणजे बघा, इंग्रजाची कंप्लेंट छाती पिटते, फारसीची फिर्याद ओरडते आणि आपली तक्रार तेच तेच परत सांगते. आपा म्हणाल्या, "काकू, लगाओ फिर से."

तिसऱ्या फोनला क्रमांक मिळाला. तो काकूंनी कार्डावरच लिहून घेतला. शिवाय दोन ओळींचा अर्ज करून कंपनीच्या शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्क्यासकट. शिक्का मारताना तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही, पण शिक्का मारला.

त्यानंतर रात्रीचं येणं थांबलं. दुसरा माणूस आला, तो गुरुवारी अकराला पारावर बसतो. कर्ज काही माफ झालं नाही, होणारही नव्हतं. काकू हप्ता भरतात, चुकलेला पण भरला. मराठी कार्ड दीड महिन्यानं आलं. त्यावर ग्रीव्हन्सच्या जागी लिहिलंय 'तक्रार निवारण'. काकूंनी नातीकडून वाचून घेतलं आणि त्या थोड्या नाराजच झाल्या. त्यांना ती बाई गेल्यासारखं वाटलं.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर पहिली तक्रार त्याच बँकेकडे किंवा कंपनीकडे करायची, आणि क्रमांक किंवा पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ही एकत्रित लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. फी लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८, परत सांगते, एक-चार-चार-चार-आठ. तिथं बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्या येतात. गावचा सावकार येत नाही. त्याच्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांचं कार्यालय आहे. आणि बाईमाणसाची कोणतीही सरकारी अडवणूक असेल तर दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला महिला लोकशाही दिन असतो. कोर्टात चालू असलेलं प्रकरण मात्र तिथं घेत नाहीत. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, एक तुमच्या पेटीत.

काकूंचं मिटलं, पण त्याच गटातल्या दुसऱ्या एका ताईंचं चालू आहे. त्यांनी भरलेले तीन हप्ते कार्डावर चढलेलेच नाहीत आणि कंपनी म्हणते, भरलेच नाहीत. तिन्ही वेळा गटातल्या बाया समोर होत्या. अर्ज दिला, पोच आहे, क्रमांक आहे. काकूंच्या नातीनं त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचं काम अंगावर घेतलंय. काल मी गेले होते तेव्हा बावीस फुल्या झाल्या होत्या.